मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे: अंडं अडकलंय का, आणि अडकलं असेल तर काय करायचं

‘लव्हबर्ड सकाळपासून फुगून बसलाय, पोट बिघडलंय वाटतं, ओव्याचं पाणी देऊ का?’ असा मेसेज आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: दांडीवर बसलाय की तळाच्या ट्रेमध्ये? ‘तळाशी’ असं उत्तर आलं तर ओवा राहू द्या. तो लव्हबर्ड बहुधा मादी आहे आणि तिच्या पोटातलं अंडं बाहेर पडत नाहीये.

खाली लिहिलेलं सगळं बजी (मुंबईत दुकानात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात), कॉकाटील आणि खरे आफ्रिकन लव्हबर्ड यांच्यासाठी आहे. हिरव्या देशी पोपटाबद्दल मी सल्ला देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो घरात पाळताच येत नाही.

आणि पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. शेपटीखालून लालसर मांस बाहेर आलेलं दिसतंय, रक्त येतंय, मादी चोच उघडून धापा टाकतेय किंवा आडवी पडलीय, यातलं एक जरी दिसत असेल तर हे वाचत बसू नका. डॉक्टर आणि प्रवास यांबद्दलचा भाग खाली ‘कधी थांबायचं आणि कसं न्यायचं’ या मथळ्याखाली आहे, थेट तिथे जा.

लक्षणं

अंडं अडकलेली मादी पाय फाकवून उभी राहते किंवा तळाशी बसते. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. थोड्या थोड्या वेळाने शी करायला बसल्यासारखा जोर लावते, पण शी होत नाही किंवा जेमतेम थेंबभर होते. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली हलते. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खाली-वर करून तो पोटापर्यंत पसरलेल्या हवेच्या पिशव्या भरतो आणि रिकाम्या करतो. अंड्याने तीच जागा अडवली की प्रत्येक श्वासाला सगळं अंग लावावं लागतं, आणि ते शेपटीवर दिसतं.

कधी एक पाय लुळा पडतो, कधी दोन्ही. पायाकडे जाणाऱ्या नसा कंबरेच्या हाडाखालून जातात आणि अंडं त्यांच्यावर दाबतं. ‘पाय मोडलाय’ म्हणून आणलेली मादी मी पाहिली आहे. पाय ठणठणीत होता.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट. अंडं घालण्याच्या एक-दोन दिवस आधीची निरोगी मादीही बरीचशी अशीच दिसते. शेपटीखालचा भाग सुजल्यासारखा होतो. शी एकदम मोठी आणि वासाची होते, कारण घरट्यात घाण नको म्हणून ती बराच वेळ धरून ठेवते. समुद्रफेण (पिंजऱ्याला बांधतात ते माकुळाचं पांढरं, चुनखडीसारखं हाड) कुरतडायला लागते, कोपऱ्यात शिरते. फरक एवढाच की ही मादी खाते, दांडीवर चढते आणि बोट पुढे केलं तर चावते. चावणारी मादी बघून मला बरं वाटतं. जिला बोटाचं काही पडलेलं नाही, ती आजारी.

पहिली तपासणी: ती मादीच आहे ना?

याला पैसे लागत नाहीत, आणि निम्मे गैरसमज इथेच सुटतात.

पक्ष्यांची जननेंद्रियं बाहेरून दिसत नाहीत. नराची दोन्ही वृषणं पोटात, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाजवळ असतात. विणीच्या हंगामात ती कित्येक पटींनी फुगतात आणि हंगाम संपला की पुन्हा आकसतात. पोपटवर्गात नराला लिंगही नसतं. नर-मादी शेपट्या बाजूला करून खालची छिद्रं एकमेकांना टेकवतात, काही सेकंदांत काम झालेलं असतं. (बदकाची गोष्ट वेगळी, त्याला लिंग असतं.) म्हणून ‘उचलून खालून बघितलं, नर आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्या.

बजीत चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा मऊ पट्टा बघायचा. वयात आलेल्या नराचा निळा, मादीचा फिकट ते गडद तपकिरी. अंड्यावर आलेल्या मादीचा तर खरखरीत, पापुद्रे सुटल्यासारखा होतो. पण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात आणि पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या बजीत हा नियम चालत नाही, त्यांच्या नरांचा पट्टाही गुलाबी-जांभळाच राहतो. आणि इतकी वर्षं निळा असलेला पट्टा हळूहळू तपकिरी होत चालला असेल तर अंड्याचा विचार सोडा. वृषणाच्या गाठीचं ते एक नेहमीचं लक्षण आहे, त्याला डॉक्टरच लागेल. कॉकाटील आणि लव्हबर्डमध्ये रंगावरून खात्री नसेल तर पिसावरून डीएनए चाचणी करून घेता येते. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नराकडे दोन्ही झेड. चाचणी तेवढंच बघते.

‘पण आमच्याकडे नरच नाही, मग अंडं कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. नर नसला तरी अंडं होतं. कोंबडीचं बाजारातलं अंडं नराशिवायच तयार झालेलं असतं. नराचा संबंध पिल्लाशी आहे, अंड्याशी नाही. उलटंही सांगून ठेवते: नर काढून टाकला म्हणजे लगेच वांझ अंडी येतील असंही नाही, कारण मादीच्या अंडवाहिनीत शुक्रपेशी साठवायच्या बारीक नळ्या असतात आणि त्या पेशी तिथे बरेच दिवस टिकतात.

दुसरी तपासणी: कॅलेंडर

शेवटचं अंडं कधी घातलं? बजी साधारण एक दिवसाआड अंडं घालते, म्हणजे दोन अंड्यांत ४८ तासांच्या आसपास अंतर. एका खेपेला चार ते सहा. कॉकाटीलचंही जवळपास तसंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी एक फुली मारायची सवय लावली तर रात्री अकरा वाजता डोकं खाजवावं लागत नाही. परवा अंडं आलं होतं, आज यायला हवं होतं, आलं नाही आणि मादी मलूल आहे, एवढी माहिती डॉक्टरला अर्धं निदान देते.

अंडं आत कसं तयार होतं, ते समजून घ्या. पुढचं सगळं त्यावरच आहे.

कोंबडीचं उदाहरण घेते, कारण तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे. अंडाशयात लहान-मोठ्या पिवळ्या बलकांचा घोस असतो. त्यातला पिकलेला बलक सुटतो आणि अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात जातो. तिथे तो पंधरा ते तीस मिनिटं असतो, आणि फलन व्हायचं असेल तर याच टप्प्यात होतं. पुढच्या लांबलचक भागात साधारण तीन तासांत पांढरा बलक चढतो. त्यापुढच्या अरुंद भागात तासा-सव्वा तासात आतली दोन पातळ पापुद्र्यांची आवरणं. मग अंडं कवचग्रंथीत येऊन थांबतं, आणि तिथे तब्बल वीस तास काढतं. सगळा प्रवास २४ ते २६ तासांचा, त्यातला बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. शेवटी ग्रंथीचे स्नायू आवळतात, खालचा दरवाजा सैल होतो आणि अंडं काही मिनिटांत बाहेर पडतं. हा दरवाजा अवस्करात उघडतो. शी, लघवी आणि अंडं तिन्ही त्या एकाच पोकळीतून, एकाच छिद्राने बाहेर येतात. म्हणून अंडं अडकलं की शीसुद्धा अडकते, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय.

अंडं कुठेही अडकू शकतं, पण बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात: कवचग्रंथीत किंवा तिच्या खालच्या दरवाजाशी. कवच तयार असतं, ढकलणारा जोर नसतो.

एकच बाजू

इथे जरा थांबते, कारण घाई करणाऱ्यांना हे सांगितल्याशिवाय पटत नाही.

आपल्याकडे दोन अंडाशय, दोन नळ्या. बहुतेक पक्ष्यांच्या मादीत फक्त डावं अंडाशय आणि डावी अंडवाहिनीच कामाची असते. अंड्यातल्या गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजू असतात. कोंबडीच्या गर्भात उबवणीच्या सहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत तर नर-मादीतही डोळ्यांना फरक दिसत नाही. त्यानंतर नरात अंडवाहिनीच्या दोन्ही नळ्या एका संप्रेरकामुळे विरघळतात. मादीत तेच संप्रेरक उजवी नळी संपवतं, पण डाव्या नळीला तिचं स्वतःचं इस्ट्रोजेन वाचवतं. उजवं अंडाशय जन्मभर एका खुणेएवढं उरतं. कोंबडीत डावं अंडाशय रोगाने नष्ट झालं तर ही उजवी खूण कधीकधी वाढते, आणि तीही वृषणासारखी. म्हातारी कोंबडी आरवायला लागल्याच्या ज्या गोष्टी गावाकडे सांगतात, त्यातल्या काहींमागे हे असतं. अपवाद आहेत: किवीत दोन्ही अंडाशयं चालतात, काही शिकारी पक्ष्यांतही दोन सापडतात. पण तुमच्या पिंजऱ्यातली बजी अपवाद नाही.

याचा अर्थ तुमच्यासाठी इतकाच: जायची वाट एक आहे आणि तिला पर्याय नाही. ती फाटली, आत अंडं फुटलं किंवा संसर्ग झाला तर दुसरी बाजू मदतीला येत नाही. म्हणून पुढच्या कुठल्याही पायरीत दाबणं, खेचणं, सळी घालणं येत नाही.

तिसरी तपासणी: ऊब

कपाटात जे आहे त्यातून हे होतं, आणि सर्वांत जास्त माद्या इथेच सुटतात. आजारी, फुगलेली मादी आपली शक्ती अंग गरम ठेवण्यात घालवते. ती शक्ती वाचवली तर स्नायूंना मिळते. गारठ्यात स्नायू नीट आवळतही नाहीत. मुंबईत थंडी कुठे, असं म्हणाल, पण डिसेंबर-जानेवारीतली पहाट आणि बेडरूममधला एसी या दोन्हींनी हे काम बिघडवलेलं मी पाहिलंय.

एक छोटा पिंजरा किंवा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या. तळाशी जुना टॉवेल. दांडी काढून टाका, चढायचे कष्ट नकोत. दाणे आणि पाणी तिच्या चोचीसमोर, तळाशीच ठेवा. एका बाजूला बाहेरून ऊब द्यायची: ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब असेल तर उत्तम, हल्ली तो शोधावा लागतो. एलईडीने प्रकाश पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब नसेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या तळाखाली. अर्ध्याच, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. खोक्यातली हवा ३० ते ३२ अंश. कापड बल्बला टेकू देऊ नका, आगी अशाच लागतात. शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा, दमट हवेचा फायदा होतो. बाथरूममध्ये गिझरचं पाणी सोडून वाफ करून तिथे खोका घेऊन दहा मिनिटं बसणं हाही चांगला उपाय. कोमट पाण्यात मादीला बसवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. मी तो देत नाही, कारण नंतर ओल्या पिसांनी ती गारठते आणि हाताळण्याच्या धसक्याने उरलेला जोरही जातो.

मे महिन्यात हिशेब बदलतो. तुमच्या खोलीतच ३३ अंश असतील तर बल्ब नको. पंख्याचा झोत बंद करा, बस. पक्षी चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसला तर त्याला उकडतंय, ऊब लगेच कमी करा.

मग खोक्यावर अर्धं कापड टाका आणि बाजूला व्हा. मुलांना दर पाच मिनिटांनी डोकावू देऊ नका. पूर्ण अंधार मात्र करू नका, तिला दाणे दिसले पाहिजेत. इतका लहान जीव उपाशी फार वेळ काढू शकत नाही.

किती वेळ वाट बघायची? मादी सावध आहे, थोडं खातेय, तर तीन-चार तास. त्यात अंडं आलं नाही तर डॉक्टर. मलूल असेल तर ही पायरी घरी करायची नाही, डॉक्टरकडे जाताना वाटेत करायची. ‘रात्र काढून सकाळी बघू’ हे वाक्य ऐकलं की मला सकाळचा फोन काय असणार ते कळतं.

चौथी तपासणी: कॅल्शियम

कोंबडीच्या एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, तिच्या रक्तात एका वेळी फिरत असतं त्याच्या कितीतरी पट. ते येतं आहारातून, आणि कमी पडलं तर हाडांतून. अंड्यावर येणाऱ्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत इस्ट्रोजेनमुळे एक खास हाड साठतं, केवळ कवचासाठी. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम आणि अंडं दोन ग्रॅमच्या आसपास. कोंबडीपेक्षा तिचा बोजा वजनाच्या मानाने मोठा, आणि ती अशी चार-सहा अंडी ओळीने घालते.

खरी मेख पुढे आहे. कवचग्रंथीच्या स्नायूला आवळायलाही कॅल्शियमच लागतं. कवच आणि जोर, दोन्ही खर्च एकाच पासबुकातून. कवचाने खातं रिकामं केलं की ढकलायला काही उरत नाही. अंडी कमी, एकआड आणि जाड कवचाची येत असतील तर खातं ठीक आहे. शेवटचं अंडं पातळ कवचाचं, खडबडीत किंवा नुसत्या पापुद्र्याचं आलं असेल तर पुढचं अडकेल हे गृहीत धरा. मऊ अंडं तर जास्त छळतं, कारण स्नायूंना पकडायला काही टणक मिळत नाही.

तर आता ट्रे बघा. फक्त कांगणी आणि बाजरी देत असाल, तर उत्तर सापडलं. नुसत्या दाण्यांत कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर, जो असलेलं कॅल्शियमही वापरू देत नाही. पिंजरा कुठे आहे? काचेच्या खिडकीआड ऊन ‘मिळतं’ असं सगळे सांगतात. काच ऊन आत सोडते पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडवते, आणि ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून अंगात येत नाही. जून ते सप्टेंबर तर उघड्या ग्रिलमध्येही ऊन नसतं. पावसाळ्याच्या शेवटी हे फोन वाढतात, त्याला माझ्या मते हेच कारण.

आणीबाणीत पक्ष्यांसाठीचं कॅल्शियम-डी३ चं द्रव औषध घरी असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात, चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ती चाटेल. घशात ओतू नका, श्वासनळीत गेलं तर अंड्याआधी तेच मारेल. माणसांचं सिरप अंदाजाने देऊ नका. आणि खरं सांगायचं तर अडकलेल्या अंड्याला तोंडातून दिलेलं कॅल्शियम फार उशिरा पोचतं. इंजेक्शन पोचतं, आणि ते डॉक्टरचं काम.

जे करायचं नाही

खोबरेल आणि एरंडेल. प्रत्येक घरात कुणीतरी आजी हे सुचवतेच, आणि तिचा हेतू चांगला असतो. पण तेल बाहेरच्या छिद्रालाच लागतं, अंडं अडकलंय त्याच्या आत. पिसं चिकटतात, ऊब धरून ठेवायची त्यांची ताकद जाते, म्हणजे तिसऱ्या पायरीचं सगळं पाण्यात.

पोट दाबून अंडं सरकवणं. पक्ष्याचं पोट दाबलं की त्याचा श्वास कोंडतो, आणि आत अंडं फुटलं तर कवचाच्या कडा ती एकुलती एक नळी कापतात. अंडं आहे का हे बघायलासुद्धा चिमटीत धरून चाचपू नका. दिसेल तेवढं बाहेरून बघा.

ऑक्सिटोसिन. केमिस्टकडून आणून द्यायचा सल्ला फिरत असतो. सस्तन प्राण्यांत जे काम ऑक्सिटोसिन करतं, ते पक्ष्यांत आर्जिनीन व्हॅसोटोसिन नावाचं संप्रेरक करतं. त्यामुळे परिणाम बेभरवशाचा. शिवाय खालचा दरवाजा घट्ट असताना वरून जोर वाढवला तर नळी फाटू शकते.

अंडं नसेलच तर

एकच पाय हळूहळू, आठवड्यांत लुळा होत गेला असेल तर बजीत मूत्रपिंडाची किंवा जननग्रंथीची गाठ असू शकते, ती तिथल्याच नसांवर दाबते. पोट फुगलेलं पण मऊ आणि पाणी भरल्यासारखं असेल तर बलक नरसाळ्यात न जाता पोटात पडून आत दाह झालेला असू शकतो. नुसतं लठ्ठपणाचं पोटही असतं, सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेलं. यातलं काहीही घरी वेगळं ओळखता येत नाही. एक्स-रेमध्ये टणक कवचाचं अंडं स्पष्ट दिसतं, मऊ कवचाचं दिसेलच असं नाही. तिथे आपली हद्द संपते.

कधी थांबायचं आणि कसं न्यायचं

चार तास उबेत काढूनही अंडं नाही. पाय लुळे. शी पूर्ण बंद. धाप. रक्त, किंवा बाहेर आलेलं मांस. अंड्याचं टोक छिद्रात दिसतंय पण पुढे येत नाही. या सगळ्याला एकच उत्तर, डॉक्टर, आणि तोही पक्षी बघणारा. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पक्षी सगळे बघत नाहीत. निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा: पक्षी बघता का, आत्ता डॉक्टर आहेत का, एक्स-रे तिथेच होतो का. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय बहुतेकांना माहीत आहे, संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी तिथे नेले जातात. पण तिथेही वेळ विचारूनच निघा. पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर आज, मादी धडधाकट असताना, फोनमध्ये टाकून ठेवा.

न्यायचं कसं: बुटांच्या खोक्यात भोकं पाडून, तळाशी टॉवेल, बाजूला गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. मोठा पिंजरा हातात घेऊन लोकलच्या गर्दीत चढू नका. उपनगरातून परळकडे जाणार असाल तर रिक्षा वांद्रे किंवा सायनपर्यंतच, पुढे टॅक्सी. त्या बदलाबदलीत जाणारा वेळ धरून आधीच टॅक्सी केलेली बरी. मांस बाहेर आलं असेल तर त्यावर मिठाच्या पाण्याने, म्हणजे केमिस्टकडच्या सलाईनने, ओली केलेली गॉझची घडी अलगद ठेवा. ते सुकता कामा नये. आत ढकलू नका.

डॉक्टर आधी ऊब, सलाईन, कॅल्शियमचं इंजेक्शन आणि वेदनाशामक देतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर अंडं येतं. नाही आलं तर दरवाजा सैल करणारं जेल, त्याने नाही तर सुईने अंड्यातला द्रव ओढून कवच आत मिटवणं, आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया. कधी त्यात अंडवाहिनीच काढावी लागते. मग मादी पुन्हा अंडं घालत नाही, पण जगते. खर्च आधी विचारा, संकोच करू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

अंडं अडकतं एका दिवसात, पण मादीला अंड्यावर आणणारी कारणं पिंजऱ्याभोवती आठवडे आधीपासून असतात. ती काढली तर अंडंच येत नाही.

सर्वांत मोठं कारण प्रकाश. हॉलमधल्या पिंजऱ्यावर रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू असतो. लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम, असं पक्ष्याचा मेंदू समजतो आणि अंडाशयाला कामाला लावतो. संध्याकाळी सातला पिंजरा झाका किंवा अंधाऱ्या शांत खोलीत न्या; बारा ते चौदा तासांची रात्र मिळू द्या. वन रूम किचनमध्ये हे जमवणं कठीण आहे, मला माहीत आहे. गॅलरीच्या दारामागे जाड चादर टाकून सुद्धा चालतं.

पिंजऱ्यातलं मडकं काढा. ते ‘झोपायला’ म्हणून ठेवलेलं असतं, मादीसाठी ते घरटंच असतं. आरसा काढा. पाठीवरून, शेपटीकडे हात फिरवू नका, डोकं खाजवलं तर चालेल. मऊ, उकडलेलं, गोड खाणं रोज नको.

खाण्यात दाण्यांबरोबर शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. समुद्रफेण पिंजऱ्याला कायम बांधलेला असू द्या. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. कोंबडीच्या अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, पूड करूनही चालतात. सकाळचं कोवळं ऊन वीस-तीस मिनिटं, काच न लावता, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून. ग्रिलमध्ये ठेवाल तेव्हा तिथे उभे राहा, कावळे पिंजऱ्यातूनही पाय ओढतात.

एवढं करूनही अंडी आलीच तर ती उचलून फेकू नका. कॉकाटीलची अंडी काढली की ती भरपाईला पुन्हा घालते आणि पासबुक आणखी रिकामं होतं. वांझ असली तरी तिच्यापाशी राहू द्या. नर असेल आणि पिल्लं नको असतील तर अंडी उकडून, गार करून परत ठेवा. तीनेक आठवडे बसून ती स्वतःच कंटाळते, मग उचला आणि पिंजऱ्याची जागा बदला. एक वर्षाच्या आतल्या मादीला मडकं देऊच नका.

किचनमधला डिजिटल काटा असेल तर दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. काही दिवसांत दोन-तीन ग्रॅम वाढ आणि शी मोठी, म्हणजे अंडं येतंय; खोका आणि बल्ब त्याच दिवशी तयार ठेवा. आणि एकाच वर्षात एखाद्या मादीचं अंडं दुसऱ्यांदा अडकलं, किंवा खेपेमागून खेप थांबतच नाही, तर घरगुती उपाय पुरे झाले. अंडाशय काही महिने शांत ठेवणारं डेस्लोरेलिनचं रोपण (कातडीखाली बसवायचं औषध) तिला चालेल का, ते डॉक्टरला विचारा.